सायकलींची खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी तीन सायकलींना तूप लावलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे झालं ते त्या तुपानं झालं, आणि गोष्ट लांबवत नेणं मला जमत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी.

आमच्याकडं वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून मानेचा जो भाग दगडासारखा होतो, तिथं गरम तूप अन् हळद पळसाच्या पानानं चोळायची. चोळता चोळता बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." चोळायचं काम माझं, आवतन द्यायचं काम बायकोचं. मला बैलाशी बोलायची लाज वाटे. तिला कशाचीच लाज वाटत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी बैल नदीवर न्यायचे, घासूनघासून सारं तूप धुऊन काढायचं, मग त्यांना सजवायचं.

चैत्रात बायको गेली, अकोल्याच्या दवाखान्यात. त्याआधी हिवाळ्यातच बैलजोडी विकून टाकली होती. ती खाटेवर पडलेली, मी तिच्या उशाशी बसलेला, मग ढोरांना पाणी कोण दाखवणार? म्हणजे यंदाच्या पोळ्याला बैलांचा कोठाही रिकामा अन् घरही.

मुलगा नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे, अमरावतीला राहतो. सून अकोल्याची. माहेरी असतानाच ती सायकलवर लांब लांब जायची. नात तेरा वर्षांची. पहिलीत जाईपर्यंत ती आमच्याकडंच वाढली, आजीच्या पदराला धरून. आजी गेली तशी पोरगी बोलेनाशी झाली. शाळेत जाई, येई, भिंतीकडं तोंड करून बसे. औषधं झाली, देवदेव झाले. मग सुनेनं तिला सकाळी उठवून सायकलवर बसवलं अन् पोहऱ्याच्या जंगलाकडं न्यायला सुरुवात केली. महिनाभरानं पोरगी घरी येऊन म्हणाली, "आई, भूक लागली." सुनेनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती.

त्यामुळं डोंगरावरच्या सायकलींच्या शर्यतीचं निघालं तेव्हा मी आडवा आलो नाही. शर्यत घरच्या लोकांची होती. तिघांचा मिळून एक नंबर. डांबरी रस्त्यानं वर चढायचं, वरच्या चौकीला हात लावून बैलगाड्यांच्या जुन्या बंडीवाटेनं खाली यायचं, अन् तिघांतला शेवटचा माणूस पोचला की वेळ धरायची. ठेवणाऱ्यांनी ती ठेवली नेमकी पोळ्याच्या दिवशी. शहरातल्या माणसाला रविवार समजतो, अमावस्या समजत नाही.

आमचं गाव परतवाड्याच्या अलीकडं, डोंगर जवळ. म्हणून ते तिघं आदल्या दिवशीच आमच्याकडं आले, टेम्पोत सायकली बांधून. पावसाचं पाणी सुरू होतं. सायकली कोठ्यात ठेवल्या, गव्हाणीला टेकवून, जिथं माझी जोडी उभी राहायची तिथंच.

सून म्हणाली, "मामाजी, सायकलीले हात नोका लावजा हं. सेटिंग करून आनल्या."

"मी काय खाऊन टाकतो का त्याइले?"

मुलगा हसला. "बाबाचा भरोसा नाई. मागच्या टायमाले माह्या गाडीच्या सायलेन्सरले चुना लावला होता."

"गंजत होतं म्हनून लावला. आता हाय का गंज?"

"गंज नाई, गाडीच नाई. इकली ना मंग."

नात सायकलीचं चाक फिरवत बसली होती. तिनं विचारलं, "आबा, तुमच्या बैलाले ब्रेक होते का?"

"होते ना. हो म्हटलं का उभे."

"आन् नाई आयकलं तं?"

"तं मंग तुही आजी म्हने. तिचं आयकत."

पोरगी हसली. मग एकदम उठून आत गेली. तिच्या मागं सून गेली. मी तिथंच उभा राहिलो. बाहेर शेजारच्या घरी खांद शेकणं चाललं होतं. तुपाचा वास येत होता, बाया आवतन देत होत्या, घुंगरं वाजत होती. आमच्याच कोठ्यात आवाज नव्हता.

मी चुलीवर तूप पातळ केलं, हळद कालवली. पळसाची पानं सकाळीच तोडून आणली होती. कशासाठी आणली ते तोडताना मला सांगता आलं नसतं. कोठ्यात गेलो अन् सायकली बघत राहिलो. सायकलीची खांद कोणती? माणूस बसतो सीटवर, पण ओझं शेवटी येतं चाकाच्या आखावर. तिथंच लावायचं असं ठरवलं. आखाला लागून एक पातळ लोखंडी चकती होती, भोकाभोकांची, बायांच्या कानातल्या कुड्यांसारखी नक्षी असलेली. मला वाटलं ती शोभेची. भोकाभोकांत बोटानं तूप भरलं. वरवर पिवळं दिसू नये म्हणून फडक्यानं पुसून घेतलं, कारण सुनेनं बजावलं होतं. नातीच्या सायकलीला सगळ्यांत जास्त लावलं. मग आवतन द्यायची वेळ आली. देणारी नव्हती. मीच दिलं, तीन सायकलींना, हळू आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा.

सकाळी पाचला टेम्पो निघाला. सायकली वर चढवत होते तेव्हा माझ्या मनात आलं, धुवायच्या राहिल्या. खांद शेकली की दुसऱ्या सकाळी धुणं आलंच, एवढं लहान पोराला समजतं. तोंड उघडलंही होतं. पण सांगायचं म्हणजे हात लावला हे कबूल करायचं. मुलगा घाई करत होता, पाऊस थांबून गार वारा सुटला होता, तूप त्या भोकांत थिजून बसलं असणार. सुनेनं बॅटरी तोंडात धरून एकेक चाक फिरवलं, ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. "टच," ती म्हणाली. मला हायसं वाटलं.

पायथ्याशी धुकं एवढं की डोंगर आहे की नाही ते दिसेना. सायकलवाल्यांची गर्दी, नवरा-बायको-पोरं सगळे एकाच रंगाच्या बनियानींत. आमचा नंबर सतरा. सुटायच्या आधी नातीनं माझ्या पायाला हात लावला. "आबा, शेवटी नाई येनार आमी," ती म्हणाली. शिट्टी झाली अन् ते धुक्यात शिरले. आधी सायकली दिसेनाशा झाल्या, मग त्यांचा आवाजही.

माझ्यासारखी घरची म्हातारी माणसं तिथंच थांबली. एका कापडी मांडवात सायकलींचा मिस्त्री बसला होता, अमरावतीचा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याच्यापुढं एक सायकल उलटी ठेवली होती अन् तो पांढऱ्या फडक्यावर स्पिरिट घेऊन ती भोकाभोकांची चकती पुसत होता. मी जवळ गेलो, चकतीला बोट लावलं.

"ओ बाबा! बोट नोका लावू तिथं."

"कावून?"

"बोटाचं तेल लागते. चकतीले तेल लागलं का ब्रेक गेला."

"बोटाले कुठं तेल असते?"

"असते ना. उलिसंच असते. तेवढं बस होते."

मी विचारलं, "आन् समजा तूप लागलं तं?"

तो माझ्याकडं बघून हसायला लागला. "तूप? चकतीले तूप कोन लावन बाबा? पुरनपोळी हाय का थे?"

आजूबाजूचे चार लोक हसले. मीही हसलो. त्या दिवसातलं मला जे आठवू नये असं वाटतं, त्यात हे हसणं पहिलं.

"पन समजा," मी म्हणालो.

"समजा तं चढावर काई होत नाई. ब्रेक कोन दाबते चढावर? उतारावर दाबला का चकती तापते, तूप पातळ होते, गोल फिरता फिरता पसरते. मंग बसा दाबत." त्यानं हवेतच मूठ आवळून दाखवली. "दाबला का चाक अजून पयते."

शेजारी चहाची टपरी होती. मी तिथं बाकावर जाऊन बसलो. सांगायला हवं होतं, तिथंच, त्याच पावली. नाही सांगितलं. चहावाल्यानं न विचारताच चहा पुढं केला, मी बशीत ओतला. माझं मन मला समजावत होतं: तू आखाला लावलंस, चकतीला थोडंच. सकाळी ब्रेक लागला होता, सुनेनं स्वतः पाहिलं. आता जाऊन सांगशील तर लोक हसतील, तिघांना शर्यतीतून काढतील, पोरीचं तोंड पुन्हा भिंतीकडं होईल. असं सगळं. अन् बशीतला चहा फुंकत मी ती बंडीवाट बघत होतो. पलीकडच्या तोंडाला ती खाली उतरून येते, तेवढंच धुक्यातून दिसत होतं.

ती वाट मला ठाऊक आहे. तरणा असताना त्या वाटेनं मी बांबूच्या बंड्या खाली आणल्या. उतार असा की बैलांना बंडी आवरत नसे. म्हणून बंडीच्या मागं सागाचा ओंडका दोरानं बांधायचो, तो घसटत यायचा अन् बंडी धरून ठेवायचा. अर्ध्या वाटेत एक वळण आहे, उजव्या हाताला नाला, दोन माणसं खोल. माझ्या बापाच्या वेळी तिथं एक बंडी गेली. ओंडक्याचा दोर सुटला होता. दोन बैलांतला एकच वर काढता आला.

हे सगळं आठवूनही मी बशीतला चहा संपवला. पूर्ण. मग कपातला उरलेला ओतून तोही.

मग उठलो अन् मिस्त्रीला म्हणालो, "मी लावलं. तिन्ही सायकलीले. काल रातच्याले नाई, संध्याकाळी. खांद शेकली."

तो खर्रा चघळायचा थांबला. "नंबर?"

"सतरा."

तो थुंकला अन् पळतच शर्यतवाल्यांच्या टेबलाकडं गेला. तिथल्या पोरीच्या हातात वायरलेस होता. वर मोबाइल लागत नाही. ती बोलत राहिली, "सतरा थांबवा, सतरा नंबर थांबवा, ब्रेक खराब आहेत." नुसती खरखर. पुन्हा बोलली. मग वरून आवाज आला, फुटका, पण समजला. "सतराचा एक माणूस इथं आहे, चेन पडली म्हणून थांबला होता. बाकीच्या दोघी आत्ताच उतरल्या."

"आत्ताच म्हणजे?"

"आत्ताच. वळल्या अन् दिसेनाशा झाल्या."

मी बंडीवाटेनं वर निघालो. कोणी तरी मागून धरलं, मी हात झटकला. गुडघा दुखतो माझा, पण त्या वेळी गुडघा होता की नाही ते आठवत नाही. वाटेत लाल चिखल, दोन्ही बाजूंनी तरोट्याचं रान कमरेएवढं वाढलेलं. धुक्यातून सायकली अंगावर येत होत्या. आधी नुसती सरसर ऐकू यायची, मग ओरडणं, "बाबा, बाजू! बाजू!" अन् चिखल उडवत निघून जायच्या. प्रत्येक सरसर ऐकली की मी थांबायचो अन् बघायचो कोण आहे. आमची नसायची. आमची नाही म्हणून बरं वाटायचं, अन् आमची नाही म्हणूनच पुढचं पाऊल घाईनं टाकायचो. एक बाप आणि दोन पोरं गेली. एक जाडी बाई गेली, देवाचं नाव घेत. मग बराच वेळ कोणी आलं नाही. पाखरं ओरडत नव्हती. नाल्याचं पाणी तेवढं ऐकू येत होतं, म्हणजे वळण जवळ आलं होतं.

तिथं मला नात दिसली. उभी होती, वाटेच्या मधोमध, सायकलीशिवाय. गालावर ओरखडे, केसांत तरोट्याची पानं. मला बघून म्हणाली, "आबा, आईचा हात उलटा झाला."

सून वळणाच्या अलीकडं दगडावर बसली होती. डावा हात मांडीवर ठेवलेला, मनगटाखाली भलतीकडंच वळलेला. ओठ फाटला होता. तिची सायकल दिसत नव्हती. मी नाल्याच्या काठाशी जाऊन खाली पाहिलं तेव्हा दिसली, चाकं वर करून पडलेली.

सून रडत नव्हती. माझ्याकडं वर पाहून एवढंच म्हणाली, "तूप होतं."

मग हळूहळू तिच्याकडून कळलं. पोरगी पुढं, ती मागं. पहिल्या उतारावर ब्रेक नीट लागत होते. दुसऱ्यावर लागता लागता तिला वास आला, तूप कढवताना खाली बेरी लागली की येतो तसा. डोंगरात तूप कोण कढवतं? तिनं ब्रेक दाबला, लिव्हर पार आत गेली अन् सायकल सुटली तशीच सुटली. पोरीला अजून कळलं नव्हतं. ती मजेत होती, पाय लांब करून. सून ओरडली, "तरोट्यात घाल! तरोट्यात घाल!" पोरगी आईचं ऐकते. घातली. सुनेला स्वतःला घालायला जागा उरली नव्हती, पुढं वळण होतं. तिनं सायकल सोडून दिली अन् अंग टाकलं.

परतवाड्याला प्लास्टर झालं. दोन हाडं मोडली होती. दवाखान्याच्या बाकावर मुलगा माझ्या शेजारी बसला. वर चौकीत त्याला सगळं समजलंच होतं. मी वाट बघत होतो की आता बोलेल, ओरडेल. बोलला तो असा: "बाबा, तुमाले मालूम नोतं. मालूम झालं तसं तुमी लगेच सांगतलं ना. दुसरा असता तं लपवलं असतं. मी वरतं थांबलो थे तुमच्यानंच."

लगेच. मी उठून औषधाची चिठ्ठी घेतली अन् दुकानाकडं निघालो.

मुलाला सुटी नव्हती, तो अमरावतीला गेला. नातीची शाळा तिथंच, पण ती आईला सोडून जाईना. म्हणून दोघी माझ्याकडं राहिल्या, हात जुळेपर्यंत. भाकरी मी थापतो. एक बाजू करपते, एक कच्ची राहते. नात म्हणते, "आबा, दोन भाकरीची मिळून एक चांगली होते." तिच्या वेण्याही मीच घालतो. बैलांच्या दोराच्या मोरख्या वळायची सवय आहे. वेणी अशी घट्ट बसते की संध्याकाळपर्यंत पोरगी भुवया वर करून फिरते. ती बोलते आहे, हसते आहे, जेवते आहे. मी ज्याला भ्यालो होतो ते झालंच नाही. सायकलीचं मात्र नाव काढत नाही, अन् मीही काढत नाही.

आठ दिवसांनी मला राहवेना. सून ओसरीवर बसून एका हातानं मेथी निवडत होती, नात शेजारी खेळायला गेली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"लगेच नोतं सांगतलं मी. मिस्त्रीनं सांगतल्यावर मी चहा पेत बसलो."

ती मेथी निवडतच राहिली. "किती येळ?"

"एक चहा. सारा."

"बशीत?"

"हाव."

मी बशीत किती सावकाश पितो ते तिला ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून ती इथं आली की चहा तिनंच दिलेला आहे. तिनं जुडीतली शेवटची काडी खुडली. मग म्हणाली, "आमी वरतं केळी खात होतो, मामाजी. याइची चेन पडली होती म्हनून. पोरगी म्हने थांबू, मी म्हनलं थांबू. दहा-बारा मिनिटं बसलो होतो तिथं, हे 'व्हा पुढं' म्हनेपर्यंत. चौकीवाला समोरच उभा होता, वायरलेस घेऊन."

एवढं बोलून तिनं निवडलेली मेथी एकीकडं सारली, काड्या एकीकडं. मला शिवी दिली असती तर मी घेतली असती. तिनं दिली नाही. तिच्या मुलीचा जीव अन् तिचा हात त्या एका बशीत तोलला गेला होता, आणि आता हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

"त्याले सांगशीन का?" मी विचारलं.

"माहीत नाई," ती म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी पहिल्यासारखीच बोलते. मीठ कमी आहे, पाणी तापवा, गोळी द्या. पण मुलाचा फोन रोज दुपारच्या सुटीत येतो, अन् रोज मी हातातलं काम थांबवून तिच्या तोंडाकडं बघतो. ती म्हणते, हाव, जेवलो. हाव, दुखते थोडं. हाव, बाबा बरे हायेत. मग फोन ठेवते अन् मी पुन्हा कामाला लागतो. असे अकरा दिवस गेले.

काल फोन आला तेव्हा मी चुलीपाशी पीठ मळत होतो. ती खोलीत गेली, दार लोटून घेतलं. आजवर दार लोटलं नव्हतं. आतून तिचा आवाज येत होता, सपाट, न थांबता. शब्द कळत नव्हते. मग आवाज थांबला. बराच वेळ थांबला. तेवढ्या वेळात तिकडून काय बोलणं चाललं असेल ते मला माहीत नाही.

दार उघडून ती बाहेर आली, अन् फोन माझ्यापुढं धरला.

"घ्या, मामाजी. याइले तुमच्याशी बोलाचं हाय."

हाताला पीठ होतं. मी ते धोतराला पुसलं अन् फोन घेतला.